‘नेट नाही, उद्या या’ : संगणकाच्या जाळ्याचा पहिला पाठ



गेल्या हंगामातली गोष्ट आहे. आपल्याच कार्यक्षेत्रातले एक वयस्कर सभासद, ज्यांना गावात सगळे बापू म्हणतात, कर्जाच्या कामासाठी एक दाखला काढायला गेले. खिडकीतला मुलगा म्हणाला, “नेट नही शे बापू, सकाय या.” दुसऱ्या दिवशी गेले तर ‘सर्व्हर डाउन’. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन दिवसांचे एस.टी.चे भाडे गेले आणि केळीच्या बागेतले काम पडून राहिले ते वेगळेच. चौथ्या खेपेला बापूंनी बारावीतल्या नातीला बरोबर नेले. पोरीने काही विचारले नाही, सरळ टेबलाखाली वाकून पाहिले. झाडलोट करताना तार अर्धवट निसटलेली होती. तिने ती नीट खोचली, टक् असा आवाज झाला, हिरवा दिवा लुकलुकू लागला आणि पाच मिनिटांत दाखला हातात पडला. त्याच तीन दिवसांत शेजारच्या गावात तेच दाखले धडाधड निघत होते, हे बापूंना नंतर कळले. म्हणजे सर्व्हर बिचारा जागेवर होता, अडले होते ते हातभर तारेत.

कार्यालयाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण ही गोष्ट काही एकट्या कार्यालयाची नाही. ‘नेट नाही’ हे दोन शब्द आज आपल्याकडे ‘साहेब मिटिंगला गेलेत’ याच्या जागी वापरले जातात. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून तो परत जातो. वास्तविक ‘नेट’ ही एक वस्तू नाही. पाच-सहा वेगवेगळी कामे एकामागोमाग होतात, तेव्हा नेट चालते. त्यातले कोणते काम अडले आहे हे साध्या पद्धतीने शोधता येते. आपल्या सभासदांची मुले-मुली आता अकरावी-बारावीला, आयटीआयला, पदविकेला संगणक शिकतात. त्यांना वर्गात हे शब्द पाठ करावे लागतात, पण शब्दामागची वस्तू कोणी दाखवत नाही. म्हणून हा पाठ. बापूंसारख्यांनी वाचला तरी समजेल असा लिहायचा प्रयत्न आहे.

प्रथम माप समजून घेऊ. उसाचे माप जसे टनात, तसे संगणकातल्या माहितीचे माप बिटमध्ये. बिट म्हणजे दिवा लागला किंवा विझला, एवढीच खूण. अशा आठ खुणा मिळून एक बाइट. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, म्हणजे मूळ अक्षराला आणि मात्रा-वेलांटीलाही, आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन-तीन बाइट लागतात. ‘ऊस’ लिहायला सहा बाइट खर्ची पडतात. आता यातली गोम पाहा. कंपनी जोडणी विकते ती बिटच्या मापाने आणि आपण फाइल मोजतो ती बाइटच्या मापाने. ‘दहा एमबीपीएस’ची जोडणी घेतली म्हणजे ५० एमबीची फाइल पाच सेकंदांत उतरेल असे मुलांना वाटते. ती उतरायला लागतात चाळीस सेकंद, कारण ५० गुणिले ८ म्हणजे ४०० आणि त्याला १० ने भागायचे. तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. यात फसवणूक नाही, पण माप माहीत नसले की काट्यावर उभे राहून वजन कळत नाही तशी गत होते.

आता जाळे म्हणजे काय ते आपल्या कारखान्याच्या आवारातच बघू. एक संगणक काट्यावर, एक शेती विभागात, एक हिशेब विभागात, एक भांडारात. भरगाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे वजन, वजा केले की ऊस किती ते निघते. हा आकडा काट्यावरून हिशेबात गेला पाहिजे. पूर्वी तो कागदावर जाई आणि हिशेबनीस रात्री जागून खतावणी करीत. आता प्रत्येक संगणकाची तार एका डबीत येते. या डबीला स्विच म्हणतात. स्विचचे काम पोस्टातल्या कप्प्यांसारखे आहे : कोणत्या तारेच्या टोकाला कोण बसले आहे हे ती लक्षात ठेवते आणि ज्याचे त्याला देते. स्विचच्या आधी हब नावाची डबी वापरात होती. तिला ही अक्कल नव्हती. एकाने बोललेले ती सगळ्यांना ऐकवीत असे, त्यामुळे दोघे एकदम बोलले की गोंधळ.

एवढ्या जवळच्या जाळ्याला स्थानिक जाळे म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ‘लॅन’ असे लिहिलेले असते. यातली एक व्यवहाराची गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात, पण आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. तांब्याची जी पीळदार तार आपण वापरतो, आत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असलेली, ती १०० मीटरपर्यंतच भरवशाची. कारखान्यात काटा असतो गेटजवळ आणि हिशेब विभाग आत, अंतर सहज दोन-तीनशे मीटर. तिथे कोणी बाजारातून लांब तार आणून ओढली, तर ती कधी चालते, कधी अडते आणि दोष मात्र यंत्राला येतो. अशा ठिकाणी मध्ये आणखी एक स्विच बसवावा, नाहीतर काचेची तार टाकावी. काचेच्या तारेतून वीज जात नाही, उजेड जातो. त्यामुळे मृगाच्या कडकडाटात एका टोकाला वीज पडली तरी ती या तारेवरून दुसऱ्या टोकाचा संगणक जाळायला येत नाही. खर्च थोडा जास्त आहे, पण एक पावसाळा निघाला तरी वसूल होतो.

आणखी एक. जाळे तुटले म्हणून काटा थांबता कामा नये. वजन आधी काट्यावरच्या संगणकात लिहिले गेले पाहिजे आणि तार जोडली गेली की मागाहून हिशेबात गेले पाहिजे. ज्या ठिकाणी वजन फक्त दूरच्या संगणकात लिहिण्याची सोय असते, तिथे तार निसटली की गाड्यांची रांग लागते आणि ऊस उन्हात वाळतो. वाळलेल्या उसाचे वजन कोणाच्या खात्यातून जाते, ते सभासदांना सांगायला नको.

आता जाळ्याचा खरा जीव कशात आहे ते सांगतो. तो आहे माहितीचे पुडके करण्यात. इंग्रजीत त्याला पॅकेट म्हणतात.

आपल्या शेतातला चाळीस टन ऊस आपण एकाच वाहनात घालतो का? नाही. टोळी तोडते, मोळ्या बांधते, बैलगाड्या भरल्या जातात. प्रत्येक गाडीबरोबर चिठ्ठी असते : कोणाचा ऊस, कोणता गट, कितवी गाडी. एखादी गाडी नाल्यावरून येते, एखादी डांबरी रस्त्याने. मागची गाडी पुढे येते, पुढची वाटेत चाक बदलत बसते. तरी काट्यावर सगळा ऊस त्या एकाच सभासदाच्या नावावर जमा होतो, कारण चिठ्ठी आहे. संगणक नेमके हेच करतो. तुम्ही मोबाइलवरून तीन एमबीचा फोटो पाठवला की त्याची सुमारे दोन हजारांवर पुडकी होतात. एका पुडक्याची नेहमीची मर्यादा १,५०० बाइटची. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी : कोणाकडून, कोणाला, कितवे. समोरचा संगणक ती अनुक्रमाने लावतो. बाराशे सातवे आले नाही असे दिसले की तेवढेच पुन्हा मागवतो, सगळा फोटो नव्हे. पोहोचलेल्याची पोच उलट येत राहते. या नियमांना टीसीपी म्हणतात. अमेरिकेतील व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली ते मांडले आणि १ जानेवारी १९८३ रोजी त्या वेळचे अमेरिकेतील मुख्य जाळे या नियमांवर आणले गेले.

काही माहिती मात्र अशी असते की उशिरा आली तर तिचा उपयोग नाही. मुलगा पुण्याहून व्हिडिओवर बोलतो आहे, मध्येच एक अक्षर गळाले. ते अर्ध्या मिनिटाने आणून काय करायचे? तिथे पोच मागत बसत नाहीत, गळाले ते सोडून पुढे जातात. म्हणून बोलताना चेहरा थिजतो, आवाज तुटतो, आणि पैसे पाठवताना मात्र आकडा कधी अर्धा पोहोचत नाही.

पुडके करण्याने काय साधले? जुन्या सभासदांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर लावून तासन् तास बसायचे, आणि लाइन मिळाली की जळगाव ते मुंबई सबंध लाइन त्या दोघांची. ते गप्प बसले तरी तिसऱ्याला मिळायची नाही. पुडक्यांच्या पद्धतीत लाइन कोणाच्याच मालकीची नसते. एक पुडके तुमचे, त्यामागे एक आमचे, त्यामागे बँकेचे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फडाची जी जुनी पद्धत आहे, तीत एका बंधाऱ्याचे पाणी पाटाने, चाऱ्यांनी सर्व फडांना पाळीपाळीने मिळते आणि पाटकरी पाळी सांभाळतो. तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की पाण्याच्या थेंबावर नाव नसते, पुडक्यावर असते. आणि पाळी फार लवकर येते, एका सेकंदात हजारो वेळा, म्हणून प्रत्येकाला वाटते की सगळा पाट आपल्याच शेतात चालला आहे. संध्याकाळी सगळे गाव एकदम मोबाइल उघडते तेव्हा मात्र टेलला पाणी पोहोचत नाही. त्याला आपण म्हणतो, ‘नेट स्लो आहे’.

चिठ्ठीवरचा पत्ता हा पुढचा भाग. तो थोडा किचकट आहे, पण आपल्या रोजच्या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवल्या की समजेल.

पहिली गोष्ट, जनावराच्या कानातला बिल्ला. पशुसंवर्धन खात्याने लावलेला बारा अंकी नंबर जनावराबरोबर राहतो. गाय साक्रीच्या बाजारात विकली, चोपड्याला गेली, तरी नंबर तोच. संगणकाच्या जाळ्याच्या भागालाही कारखान्यातूनच असा बिल्ला मिळतो, योगायोगाने तोही बाराच खुणांचा. त्याला मॅक पत्ता म्हणतात. स्विच या बिल्ल्यावरून ओळखतो. पण बिल्ल्यावरून जनावर आज कोणत्या गावी आहे हे कळेल का? नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, पिन कोड. आपल्या टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू केला. धुळे ४२४००१, जळगाव ४२५००१. पहिला ४ पाहिला की टपाल कोणत्या विभागात टाकायचे ते कळते, पुढचे अंक पाहत पाहत ते जवळ येते. कोलकात्याच्या सॉर्टरला पारोळा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. आणि गंमत बघा : चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५४०५. पिन कोड जिल्ह्याची हद्द पाळत नाही, टपालाची वाट पाळतो. संगणकाचा आयपी पत्ता असाच आहे. तो गावाच्या नकाशावर नव्हे, जाळ्याच्या वाटेवर ठरतो. म्हणून कधी कधी धुळ्यात बसून नेट उघडले तरी पडद्यावर ‘मुंबई’ किंवा ‘पुणे’ असे दिसते. घाबरण्याचे कारण नाही.

आयपी पत्ता चार आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. अशा पद्धतीने एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. सुरुवातीला हे पत्ते युगानुयुगे पुरतील असे वाटले होते. आता माणसे त्याहून जास्त आहेत आणि एकेका घरात तीन-तीन मोबाइल. म्हणून दोन उपाय निघाले. एक म्हणजे नवा, फार लांबलचक पत्ता, आवृत्ती सहा. दुसरा उपाय आपण रोज वापरतो, पण ठाऊक नसतो. तुमच्या घरच्या डबीत बघा, पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा सापडेल. शेजाऱ्याच्याही घरी तोच सापडेल. प्रत्येक गावात मारुतीचे देऊळ असते, तसे हे आहे. ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढा पत्ता गावात चालतो, पण मुंबईहून तेवढ्यावर पत्र येणार नाही. म्हणून वेशीवर एक यंत्र बसवतात. ते आतला पत्ता काढून बाहेरचा लावते आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवते. त्या यंत्राचे नाव राउटर. आतले पत्ते वाटण्याचे कामही बहुधा तेच करते. नवा मोबाइल आला की त्याला मोकळा नंबर देते. हा वाटपाचा भाग बिघडला तर संगणकाला पत्ताच मिळत नाही. मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता धरून बसतो. पडद्यावर हा आकडा दिसला की समजावे, आपल्याला वेशीवरच कोणी ओळखत नाही.

राउटरचे दुसरे काम म्हणजे वाट दाखवणे. भुसावळ जंक्शनवर उभे राहिले की हे समजते. मुंबईकडून आलेल्या गाडीला तिथून एक वाट अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे आणि दुसरी खंडव्यावरून इटारसीकडे. भुसावळच्या माणसाला हावड्यापर्यंतचे प्रत्येक स्टेशन पाठ नसते. पुढचे मोठे ठिकाण कोणते, एवढे पुरते. राउटरमध्येही अशीच यादी असते : या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते या तारेवर, बाकी सगळे त्या तारेवर. एक वाट बंद पडली तर दुसरी. जळगावहून मुंबईला मनमाडमार्गे जाता येते, तसे अमळनेर-नंदुरबार-सुरतमार्गेही जाता येते. ज्या गावाला मात्र एकच वाट आहे, त्याचे हाल चाळीसगाव-धुळे शाखेसारखे. त्या शाखेवर काही अडले की रेल्वेने धुळ्याला पोहोचायला दुसरी वाट नाही. आपल्या बहुतेक गावांत काचेची तार एकाच बाजूने येते. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने ती तोडली की सगळे गाव अंधारात. केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. ती चांगलीच आहे. पण तार पोहोचली एवढ्याने भागत नाही. दुसरी वाट आहे का, आणि तुटली तर जोडायला कोण येणार, हे ग्रामसभेत विचारायला हवे असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेगाबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकू. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव-मुंबई चारशे-सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे हजार भागांतल्या दोन भाग सेकंदात पुडके मुंबईत. स्थिर उपग्रहावरून जायचे तर तो ३६,००० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काही नाही असे वाटते, पण एका पानासाठी अशा वीस खेपा झाल्या की दहा सेकंद गेले. पाटाची रुंदी निराळी आणि पाणी पोहोचायला लागणारा वेळ निराळा. जाहिरातीत पहिली गोष्ट सांगतात.

आता नावांबद्दल. आपण आकडे लक्षात ठेवत नाही, नावे ठेवतो. नावावरून आकडा सांगणारी मोठी नोंदवही जाळ्यात असते, डीएनएस म्हणतात तिला. ही नोंदवही मिळेनाशी झाली तर रस्ते उघडे असूनही सगळे बंद पडल्यासारखे वाटते. गावात पोस्टमन आहे, घरे आहेत, पण बापूंचे घर कोणते हे सांगणारा कोणी पारावर नाही, अशी अवस्था. ‘सर्व्हर डाउन’ म्हणून जे सांगतात त्यात हा दोष बरेच वेळा असतो.

मग सर्व्हर म्हणजे काय? मागितले ते देणारा संगणक, बस्. तोही कधी बंद पडतोच. जाळ्याचा जन्मच तसा झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ गेले, ‘ओ’ गेले, आणि पलीकडचा संगणक बसला. त्यांनी मात्र समोरच्याला ‘उद्या या’ म्हटले नाही. त्याच रात्री तासाभराने संपूर्ण शब्द पोहोचवला. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत.

हे सगळे साखर कारखान्याच्या सभासदाला कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वारणेला आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा समूहाच्या परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून तो केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून ७० गावे त्यात घेतली आणि गावोगाव ५४ संगणक-केंद्रे उघडली. देशभर बोलबाला झाला. बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, सरकारी कागद, सगळे या केंद्रांतून मिळेल अशी कल्पना होती. पुढे तपासून पाहिले तेव्हा दिसले, की सभासद तिथे येतो तो मुख्यतः आपल्या हिशेबासाठी. ऊस किती टन गेला, खताचे किती झाले, साखर किती मिळायची. बाकी योजना कागदावर मोठ्या होत्या, सभासदाची भूक एवढीच होती. आम्हांला यात वाईट काही वाटत नाही. ज्याचे घामाचे पैसे अडकले आहेत, तो आधी तेच विचारणार.

आणि संगणक जुने होत होते. धूळ, विजेचे चढउतार, दुरुस्ती. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागातील मंडळींनी तिथे एक साधा प्रयोग केला. सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल दिला. सभासदाने ठरलेल्या खुणेचा एसएमएस पाठवायचा. कारखान्याच्या कार्यालयात संगणकाला जोडलेला एक फोन तो घेई, संगणक हिशेब काढी आणि उत्तर एसएमएसनेच परत जाई. आठ महिने चालवून पाहिले. काम तेच झाले, खर्च कमी लागला आणि केंद्र उघडण्याची वाट पाहावी लागली नाही. २००७ साली त्यांनी हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे १६०, देवनागरी फक्त ७०. तीन एमबीच्या फोटोपुढे हे काहीच नाही. पण सत्तर अक्षरांत गट नंबर, गाडी नंबर, वजन आणि तारीख आरामात बसते. सभासदाच्या हक्काची माहिती एवढीशीच असते. ती पाठवायला रुंद पाट लागत नाही, पाठवण्याची इच्छा लागते. वारणा खोऱ्याशी आम्ही बरोबरी करीत नाही. त्यांचे पाणी निराळे, आपले तापी-गिरणेचे निराळे, आणि खानदेशातल्या सहकारी कारखान्यांनी बंद धुराडीही पाहिली आहेत. पण गाडी काट्यावरून उतरली आणि सभासदाच्या मोबाइलवर वजन आले, एवढे कोणत्याही कारखान्याला जमण्यासारखे आहे. ज्यांना असा संदेश येतो त्यांनी तो पावतीशी ताडून पाहावा आणि हंगाम संपून अंतिम बिल मिळेपर्यंत पुसू नये.

संदेशावरून सावधगिरीचा एक शब्द. पुडके वाटेत अनेक हातांतून जाते. उघडे असेल तर पोस्टकार्डासारखे, कोणीही वाचावे. पत्त्याच्या पट्टीत ‘एचटीटीपीएस’ असेल तर बंद पाकीट. मात्र पाकीट बंद असले म्हणून पाठवणारा भला असतो असे नाही. खोट्या बँकेचे पाकीटही बंदच असते. फोनवर आलेला ओटीपी कोणी मागितला, तर तो द्यायचा नाही, मग मागणारा ‘कारखान्यातून बोलतोय’ म्हणो की आणखी कुठून.

आता बापूंच्या नातीने जे केले ते क्रमाने कसे करायचे ते पाहू. ‘नेट नाही’ म्हटले की आधी दिवा बघायचा. तार जिथे खोचली आहे तिथला दिवा विझलेला असेल तर दोष तारेत किंवा डबीच्या विजेत, पुढे जायचे कारणच नाही. दिवा असेल तर संगणकाचा आयपी पत्ता बघायचा. १६९.२५४ दिसला तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करायचा. पत्ता ठीक असेल तर काळ्या खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा देऊन वेशीवरच्या राउटरला हाक मारायची, त्याचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. आकडे अर्थातच इंग्रजी टाकायचे. त्याने ओ दिली तर पुढे ८.८.८.८ ला हाक मारायची. हा गूगलचा सर्वांना खुला असलेला नावांच्या नोंदवहीचा संगणक. इथे ओ मिळाली नाही तर बहुधा गावाबाहेरची तार तुटलेली आहे, कंपनीला फोन करायचा. ओ मिळाली, तरी नावाने काही उघडत नाही, तर दोष नोंदवहीत. बाकी सगळी पाने उघडतात आणि तेवढे एकच उघडत नाही, तेव्हाच ‘त्यांचा सर्व्हर डाउन आहे’ असे म्हणायचा आपल्याला अधिकार. काही सर्व्हर हाकेला मुद्दामच ओ देत नाहीत, तेवढे ध्यानात ठेवावे. सगळ्याला मिळून पाच मिनिटे लागतात.

दुसऱ्याच्या कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय तारांना हात लावू नये, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. नातीने विचारले नव्हते, पण ती बापूंबरोबर होती म्हणून चालून गेले.

गृहपाठ एकच. संगणकावर ‘ट्रेसर्ट’ नावाची आज्ञा आहे. ती देऊन ८.८.८.८ हा पत्ता टाकला की आपले पुडके वाटेत किती राउटरांवरून जाते याची यादी पडद्यावर येते, प्रत्येकाला किती वेळ लागला त्यासह. आपल्या गावातून ही यादी काढा. पहिल्या ओळीत वेशीवरचा राउटर असेल, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला कंपनीचे घर लागेल. चांदण्या दिसल्या तर घाबरू नका, तो राउटर ओ देत नाही एवढाच त्याचा अर्थ. एकदा सकाळी सहाला करा आणि एकदा रात्री नऊला, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहा. गावाचे नाव, ओळींची संख्या आणि दोन्ही वेळा पोस्टकार्डावर लिहून गटकार्यालयात द्या. वेगवेगळ्या गावांची कार्डे जमली की पुढच्या अंकात ती एकत्र छापू, म्हणजे कोणत्या गावाची वाट कुठून जाते आणि रात्री पाणी कुठे तुंबते ते सगळ्यांना दिसेल.